नाशिकमध्ये ट्रॅकसाठी हलकी स्पोर्ट्स कार बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड एमआयडीसीतल्या भाड्याच्या शेडमध्ये आम्ही चौघांनी मिळून एक गाडी बांधली. दोन सीटची, उघडी, मागच्या चाकांना ताकद देणारी, फक्त ट्रॅकवर पळवायची. रविवार आणि सुट्ट्या धरून अडीच वर्षं लागली. तेव्हापासून लोक शेडवर येतात, फोन करतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जिथे आमचे हात पोळले तिथे जास्त लिहिलंय.

किट कार म्हणजे नेमकं काय?

कारखान्यातून तयार गाडी न घेता सुटे भाग घ्यायचे आणि घरी जोडायचे, ही मूळ कल्पना. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं ‘सेव्हन’ आणली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता. सुट्या भागांत घेतली तर तो वाचायचा, म्हणून ती किटमध्येही विकली जायची. लांब नाक, उघडी चाकं, दार नाही, छप्पर जवळपास नाही. वजन जुजबी, त्यामुळे छोट्या इंजिनावरही ती भल्याभल्यांना वळणात मागे टाकायची. १९७३ साली केटरहॅमनं तिचे हक्क घेतले आणि त्याच वळणाच्या गाड्या आजही बनतात.

आपल्याकडे मात्र ‘किट’ खोक्यात येत नाही. परदेशातून मागवली तर भाडं, कस्टम ड्युटी आणि कागदपत्रं मिळून गाडीपेक्षा खटाटोप मोठा होतो. म्हणून नाशिकमध्ये कोणी ‘किट कार’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा अर्थ असा असतो: एक जुनी गाडी फोडायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल काढायचा आणि चॅसी आपली आपण बांधायची. पुढची सगळी उत्तरं याच पद्धतीला धरून आहेत.

ही गाडी रस्त्यावर चालवता येईल का? नंबर मिळेल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

भारतात गाडीची नोंदणी व्हायची तर तिचं मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून मंजूर व्हावं लागतं. हा मार्ग कंपन्यांसाठी आहे, शेडमधल्या एका गाडीसाठी नाही. जुन्या गाडीचं आरसी बुक वापरून ‘बदल केलेली गाडी’ म्हणून दाखवायचं, असं सुचवणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवत तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-ए मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

इथे एक काम लोक विसरतात. जी गाडी फोडली तिची नोंदणी आरटीओत जाऊन रीतसर रद्द करून घ्या. नाहीतर नसलेल्या गाडीचे कागद तुमच्या नावावर लोंबकळत राहतात.

आणि ‘एमआयडीसीत रविवारी कोण असतं, एक चक्कर मारू’ हेही नको. एमआयडीसीचा रस्ता सार्वजनिकच आहे. रविवारीही तिथे सायकलवर कामगार असतात, कुत्री आडवी येतात. आम्ही पहिली चाचणी ओळखीच्या कारखान्याच्या बंद आवारात, मालकाची लेखी परवानगी घेऊन, पहिल्या गिअरमध्ये केली.

मग पळवायची कुठे?

कायमस्वरूपी रेसट्रॅक आपल्यापासून लांबच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक साधारण ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे २ किलोमीटरहून थोडा मोठा, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१ किलोमीटरचा, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनची शर्यत झाली.

हलक्या, कमी ताकदीच्या गाडीला करी फार मानवतो. सरळ पट्टा लहान, वळणं जवळजवळ. बुद्धच्या लांब सरळ पट्ट्यावर आपली गाडी हवेशीच भांडत बसते. चारचाकी उघडी गाडी म्हणजे हवेच्या दृष्टीनं वीट, आणि एका वेगानंतर कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी काटा पुढे सरकत नाही.

नेण्यासाठी छोटा हत्ती पुरत नाही, गाडी मागून बाहेर येते. पिकअपचा हौदाही तोकडाच पडतो. आम्ही आयशर करतो, सोबत टायर, जॅक, हत्यारांची पेटी, पेट्रोलचे कॅन वेगळे. दक्षिणेकडचा प्रवास चौदाशे किलोमीटरच्या घरात जातो. गाडी चाकांवरून बांधा, चॅसीच्या नळीला पट्टा लावून कधीही आवळू नका.

कोणत्या रेसमध्ये भाग घेता येईल?

भारतातली मोटरस्पोर्ट एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली चालते आणि स्पर्धेसाठी तिचं लायसन्स लागतं. राष्ट्रीय शर्यतींचे बहुतेक वर्ग ठरावीक गाड्यांसाठी असतात, त्यात घरी बांधलेली गाडी बसेलच असं नाही. म्हणून लोखंड विकत घेण्याआधी ज्या स्पर्धेत उतरायचं तिचे त्या वर्षीचे नियम मागवा आणि आयोजकांना चित्र, मापं, इंजिनची माहिती पाठवून लेखी उत्तर घ्या. ट्रॅक डे आणि वेळेविरुद्धच्या स्पर्धा हा सुरुवातीला सोपा रस्ता आहे. नाशिकनं राष्ट्रीय रॅलीचे राउंड पाहिलेत, त्यामुळे नियम वाचून दाखवणारी जाणकार मंडळी शहरात भेटतात. त्यांना विचारा.

कोणती जुनी गाडी फोडावी?

आपल्याला हवंय लांबीच्या दिशेनं बसवलेलं इंजिन आणि मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं फिरतात. म्हणून स्विफ्ट किंवा आय-टेन कितीही स्वस्त मिळाली तरी या रचनेत ती उपयोगाची नाही. (इंजिन सीटच्या मागे ठेवून आडवी जोडी वापरता येते, पण तो वेगळाच प्रकल्प झाला.)

उरतात दोन सरळ पर्याय.

पहिला, मारुती जिप्सी. १२९८ सीसीचं इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. नंतरच्या १६ व्हॉल्व्हच्या एमपीएफआय जिप्सीत ८० हॉर्सपॉवर. सगळ्यांत मोठा फायदा असा की जिप्सीचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेला नसून वेगळा असतो, मध्ये छोटा शाफ्ट असतो. तो केस काढून ठेवला की उरतो सरळ पाच गिअरचा मागच्या चाकांचा गिअरबॉक्स. कापाकापी नाही, ॲडॅप्टर नाही. तोटा म्हणजे मागचा ॲक्सल. तो खडकावरून जायला बनवलाय, त्यामुळे जड आहे. शिवाय जिप्सी आता हौशी मंडळींच्या हातात गेल्यामुळे चांगली गाडी कोणी फोडायला देत नाही. भंगारात गेलेली शोधावी लागते, आणि तिथे इंजिन क्रमांक व कागद जुळतात का ते आधी पाहावं लागतं.

दुसरा, मारुती ईको. लांबीच्या दिशेचं इंजिन, मागच्या चाकांची ड्राइव्ह, आणि ॲक्सल जिप्सीपेक्षा हलका. जुन्या ईकोत ११९६ सीसीचं ७३ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. शाळेच्या व्हॅन आणि भाजीच्या गाड्या म्हणून ईको इतक्या फिरतात की सुटे भाग कुठेही मिळतात.

आम्ही इंजिन आणि गिअरबॉक्स जिप्सीचा घेतला, मागचा ॲक्सल ईकोचा. प्रोपेलर शाफ्ट मधून कापून, नवी लांबी जोडून, बॅलन्स करून घेतला. हे बॅलन्सिंग टाळू नका. शाफ्ट तुमच्या मांडीपासून वीतभर अंतरावर फिरत असतो. त्याच्याभोवती पोलादी कडी लावा, म्हणजे जॉइंट तुटलाच तरी तो आत येणार नाही.

मोटरसायकलचं इंजिन का नको?

परदेशात लिटरच्या चार सिलिंडर बाइकची इंजिनं अशा गाडीत घालतात आणि ती भन्नाट पळतात. आपल्याकडे ती इंजिनं दुर्मिळ आणि महाग. सहज मिळणारं मोठं इंजिन म्हणजे रॉयल एनफिल्डचं ६४८ सीसी, ४७ पीएसच्या आसपास. बाइकचा क्लच दोनशे किलोसाठी बनवलेला असतो, तुम्ही त्याला सहाशे किलो ओढायला लावता. रिव्हर्स गिअर नसतो. पहिल्या गाडीसाठी कारचंच इंजिन घ्या.

८० हॉर्सपॉवर पुरतात का?

हिशोब करून बघा. जिप्सी स्वतः हजार किलोच्या आसपास. चालक धरला तर टनामागे साधारण ७५ हॉर्सपॉवर. आमची गाडी रिकामी ५५० किलो, चालकासह ६२२. म्हणजे तेच इंजिन टनामागे जवळपास १२९ झालं. इंजिनचा एक नटही न उघडता.

आणि हा फायदा फक्त सरळ रस्त्यावरचा. वजन कमी झालं की ब्रेक उशिरा मारता येतो, वळणात वेग जास्त राहतो, टायर कमी झिजतात, ब्रेक कमी तापतात. ताकद वाढवल्यावर यातलं काहीच मिळत नाही, उलट ब्रेक, कूलिंग, क्लच सगळं मोठं करावं लागतं आणि वजन परत येतं. म्हणून टर्बोचा विचार मनात आला तर आधी गाडीतला प्रत्येक भाग काट्यावर ठेवून वहीत लिहून काढा. आमच्या वहीत पहिल्या पानावर हॉर्न आणि वायपरची मोटर होती. ट्रॅकच्या गाडीत दोन्ही कशाला हवेत, हे लिहून काढेपर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चॅसीसाठी कोणती नळी वापरावी?

२५ मिलिमीटर चौकोनी, १.६ मिलिमीटर जाडीची इआरडब्ल्यू (पट्टी वळवून, लांबीला वेल्ड करून बनवलेली) नळी. दुकानदार २ मिलिमीटरची देऊ बघेल, ‘मजबूत आहे, घेऊन टाका’ म्हणेल. मीटरमागे पहिलीचं वजन सुमारे १.१८ किलो, दुसरीचं १.४४. अशा चॅसीला पन्नासेक मीटर नळी लागते, म्हणजे ५९ किलो विरुद्ध ७२. तेरा किलो फुकटचे, आणि मजबुती जाडीतून येतच नाही.

ती येते त्रिकोणातून. चार नळ्यांचा चौकोन हातानं दाबला तरी तिरका होतो, त्यात एक तिरकी नळी टाकली की हलत नाही. चॅसीचा प्रत्येक उघडा चौकोन शोधा आणि त्यात तिरकी नळी किंवा रिव्हेट केलेला पत्रा बसतो का पाहा. सगळ्यांत कठीण जागा म्हणजे इंजिनच्या वरची आणि चालक बसतो ती, कारण तिथे आडवी नळी टाकता येत नाही. तिथे बाजूच्या भिंती उंच करा आणि मधला बोगदा, ज्यातून शाफ्ट जातो, तो चारही बाजूंनी नीट बंद करा. आमच्या गाडीचा अर्धा ताठपणा त्या बोगद्यात आहे असं माझं मत.

नळ्यांची टोकं जिथे भेटतात तिथे त्यांच्या मध्यरेषा एका बिंदूत याव्यात. आणि सस्पेन्शनचा ब्रॅकेट कधीही नळीच्या मधोमध लावू नका, सांध्याजवळच लावा. मधे लावला की नळी वाकते.

वेल्डिंग आर्गनवर (टिग) करावं की सीओटूवर (मिग)?

दोन्ही चालतं. सीओटू वेगवान, उष्णता कमी वेळ लागते, आणि सातपूर-अंबडमध्ये गल्लीगल्लीत चांगला हात मिळतो. आर्गनवर सांधा देखणा होतो, पण वेळ आणि पैसा तिप्पट. आम्ही चॅसी सीओटूवर केली. सस्पेन्शनचे आर्म, पेडल बॉक्स आणि रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) आर्गनवर.

खरा प्रश्न यंत्राचा नाही, क्रमाचा आहे. आमची पहिली चॅसी याच चुकीनं वाया गेली. उत्साहाच्या भरात आम्ही डावी बाजू टॅक मारली, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरती जोडली, आणि लगेच पूर्ण वेल्ड केली. दुसऱ्या दिवशी कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा सहा मिलिमीटरनं मोठा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळी आपल्याकडे खेचतो. हातोडा, जॅक, उष्णता, सगळं करून झालं. शेवटी कापली.

दुसऱ्या वेळी आम्ही कामासाठी एका अनुभवी वेल्डरला बोलावलं. त्यांना शेडमध्ये सगळे मामा म्हणतात. आल्या आल्या त्यांनी मशीनला हातच लावला नाही. आधी टेबल पाहिलं, त्यावर पाणसळ ठेवली, चारही कोपऱ्यांना पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून टेबल समपातळीत आणलं. त्यातच दुपार गेली. मग म्हणाले, “भाऊ, आज नुसतं टॅक मारू. सगळीकडे. पूर्ण वेल्ड उद्या, आणि एका जागी दोन इंचांच्या वर नाही.” पुढचे तीन दिवस ते पुढे एक शिवण घालत, मग मागे तिरक्या कोपऱ्यात जाऊन दुसरी, मग वर, मग खाली. मधेमधे टेप घेऊन कर्ण मोजत आणि खडूनं टेबलावरच आकडा लिहीत. शेवटी फरक आला एक मिलिमीटर. ते टेबल आणि तो खडूचा आकडा आम्ही अजून पुसलेला नाही.

रोल बार कुठून बनवावा? प्लंबरच्या बेंडरवर वाकवला तर?

तसा वाकवलेला बार गाडीला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाण्याच्या पाइपाच्या बेंडरवर वळणाची नळी चपटी होते, आतल्या बाजूला सुरकुती पडते, आणि उलटल्यावर ती नेमकी तिथेच मोडते.

एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत मुख्य बारसाठी थंड ओढलेली, सांधा नसलेली कार्बन स्टीलची नळी सांगितली आहे, ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी. वाकवायची ती थंडच, आणि वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट. म्हणजे ४५ च्या नळीला १३५ मिलिमीटर. मॅन्ड्रेल बेंडिंगचं (नळीच्या आत आधार ठेवून वाकवण्याचं) मशीन असलेल्या ठिकाणीच हे नीट होतं. नळी घेताना मटेरियल सर्टिफिकेट मागा.

हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसा आणि मग उंची मोजा. बार हेल्मेटच्या वर किमान ५० मिलिमीटर हवा. आमचा सगळ्यांत उंच मित्र सोडून बाकी तिघांवर आम्ही माप घेतलं होतं. तो बसला तेव्हा हेल्मेट बारच्या वर आलं, आणि सीट, फरशी, पेडल सगळं पुन्हा करावं लागलं. सगळ्यांत उंच माणसाला पहिल्या दिवशी बसवा.

खांद्याचे पट्टे सीटच्या मागे खाली फार उतरू देऊ नका, नाहीतर धडकेत ते पाठीचा कणा खाली दाबतात. आडव्या रेषेशी ४५ अंशांच्या वर कधीच नाही, १० अंशांच्या आसपास उत्तम. सूट, हेल्मेट, मानेचा आधार हे जुने, ओळखीच्याकडून उसने घेऊ नका. त्यांना मुदत असते, आणि आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.

सस्पेन्शनसाठी काय वापरावं?

पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी आर्म), मागे ईकोचा ॲक्सल चार ट्रेलिंग आर्म आणि ॲक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या एका पॅनहार्ड रॉडवर. पुढचे आर्म लेथवर वळवलेल्या बुशांसह स्वतः बनवता येतात. टर्नरला चित्र कागदावर द्या, तोंडी सांगू नका, आणि डावा-उजवा वेगळा आहे की सारखा ते त्यावर लिहा. आमचे पहिले चारही आर्म डावेच बनून आले होते. चित्रात लिहिलं नव्हतं, चूक आमची.

रॉड एंड (आर्मच्या टोकाचे गोल फिरणारे सांधे) स्वस्तातले घेऊ नका. ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी बोल्टला धरणारे असावेत, एका बाजूनं लटकणारा बोल्ट वाकतो. बोल्ट १०.९ ग्रेडचे, नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे), आणि एकदा उघडलेला नायलॉक परत वापरायचा नाही. गाडी हलकी असल्यामुळे स्प्रिंग मऊ लागतात. मोठ्या गाडीच्या सवयीनं कडक घातले तर ती टायरवर उड्या मारते.

चारही चाकांवरचं वजन कसं मोजायचं? ते काटे तर फार महाग असतात.

नाशिकमध्ये याला सोपा उपाय आहे. द्राक्षांचा हंगाम संपला की पॅकहाउसमधले इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटे रिकामे पडलेले असतात. आम्ही दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या पॅकहाउसमधून मे महिन्यात चार सारखे काटे दोन दिवसांसाठी आणले. प्रत्येक तीनशे किलोचा, खाली अजून द्राक्षांच्या क्रेटचे निळे ओरखडे. आधी एकच माणूस चारही काट्यांवर उभा केला, आकडे जुळतात का बघायला. एक काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवत होता, तो फरक वहीत लिहून वजा केला.

चारही काट्यांचा माथा एका पातळीत हवा. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी वापरतो तीच पद्धत. टायरची हवा ट्रॅकवर ठेवणार तेवढी, टाकीत अर्धं पेट्रोल, सीटवर चालक, अँटी-रोल बार सुटा.

आमचे आकडे: पुढे डावं १४१, पुढे उजवं १५२, मागे डावं १७१, मागे उजवं १५८. एकूण ६२२. पुढे-मागे आणि डावं-उजवं ठीक दिसतं. पण तिरपे मिळवा. पुढचं उजवं अधिक मागचं डावं झालं ३२३, दुसरा कर्ण २९९. म्हणजे ५२ टक्के एका तिरप्यावर. हीच गाडी डाव्या वळणात एक वागायची आणि उजव्या वळणात दुसरंच, आणि आम्ही दोन महिने टायरला दोष देत होतो. पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या स्प्रिंगची बैठक थोडी वर चढवली, एकेक फेरा, दर वेळी गाडी दाबून, पुढे-मागे ढकलून पुन्हा आकडा. संध्याकाळपर्यंत ३१२ विरुद्ध ३१० वर आलो. पैसा काही लागला नाही, चालवण्यातला फरक मात्र इंजिनच्या कोणत्याही कामापेक्षा मोठा होता.

ब्रेक जुन्या गाडीचेच चालतील का?

कॅलिपर आणि डिस्क चालतात, कारण वजन निम्मं झालंय. बूस्टर मात्र काढा. त्याऐवजी दोन मास्टर सिलिंडर, मध्ये पायाचा जोर पुढे-मागे वाटणारा बॅलन्स बार, आणि पेडलचं प्रमाण पाचास एक ते सहास एक. पुढे-मागे दोन वेगळी सर्किट झाली की एक फुटलं तरी दुसरं उरतं.

तेल डॉट ४ किंवा ५.१. डॉट ४ चा किमान उकळबिंदू कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, पण पाणी शोषलं की १५५ वर येतो. नाशिकच्या पावसाळ्यात अर्धवट उघडी बाटली शेडमध्ये चार महिने राहिली तर ती फेकूनच द्या. दर ट्रॅक डेच्या आधी तेल बदलतो, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहितो.

नाशिकमध्ये ट्यून केलेली गाडी चेन्नईत वेगळी का वागते?

कारण आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहोत. इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. इथे कार्बोरेटरचे जेट नेमके जुळवले आणि गाडी चेन्नईला नेली, तर तिथल्या दाट हवेत मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं, ठोका देतं. जेटचे दोन-तीन माप जास्तीचे सोबत ठेवा आणि प्लगचा रंग पाहा. इंजेक्शन असेल तर मॅप सेन्सरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) चालणारी ट्यूनिंग हवेचा दाब स्वतः धरते. फक्त थ्रॉटलच्या कोनावर चालणारी असेल तर हवेच्या दाबाची दुरुस्ती वेगळी द्यावी लागते.

दुसरी काळजी ऑइलची. जिप्सीचा संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) खोल असतो, जमिनीला लागू नये म्हणून तो कापून उथळ करावा लागतो. मग लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. संपमध्ये ऑइल अडवणारी बॅफल प्लेट आणि छोटी झडप असलेली पेटी वेल्ड करा, आणि ऑइलच्या दाबाचा मोठा लाल दिवा नजरेसमोर लावा. काट्याकडे वळणात कोणी बघत नाही.

बॉडी कशाची?

नाक आणि मडगार्ड फायबरचे, बाजू १ मिलिमीटर ॲल्युमिनियम पत्र्याच्या. चौरस मीटरला २.७ किलो पडतो. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आम्हाला रिव्हेटिंग शिकवायला दोन रविवार आले. पहिला अर्धा दिवस त्यांनी आमच्याकडून फक्त छिद्रांची बर काढून घेतली, बोट फिरवून तपासत. काठापासून छिद्राचं अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट, आणि पोलाद-ॲल्युमिनियमच्या मध्ये प्रायमर व सीलंट, नाहीतर दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी दिसायला लागते. त्यांनी केलेल्या पॅनलला अजून खडखड नाही.

खर्च किती येतो?

भाव दर सहा महिन्यांनी बदलतात, म्हणून आकडा देण्यापेक्षा क्रम देतो. चॅसीचं लोखंड सगळ्यांत स्वस्त. त्यानंतर फोडायची गाडी, मग मजुरी आणि लेथचं काम. खिसा रिकामा होतो तो सेफ्टी, टायर, शॉक ॲब्सॉर्बर आणि ट्रॅकवर ने-आण यात. गाडी तयार झाली त्या दिवशी जेवढा खर्च झाला असेल, त्यातला चांगला मोठा वाटा पहिल्या वर्षी पळवण्यासाठी हाताशी हवा. तो नसेल तर इंजिनचं काम पुढे ढकला. सीट, पट्टे आणि अग्निशामक पुढे ढकलू नका.

आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत. हे करावं का?

आधी कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये जा. फॉर्म्युला भारत कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर होते, आणि तिथे तुमचं डिझाइन परीक्षकांसमोर मांडावं लागतं. हा अनुभव शेडमध्ये मिळत नाही. नोकरी लागल्यावर शेड भाड्यानं घ्या. आमच्यातले दोघं असेच आले.

पहिल्यांदा ट्रॅकवर जाताना काय करावं?

तपासणीला मास्टर स्विच, अग्निशामक, ऑइलचा कॅच टँक, ओढण्याचे हुक पुढे-मागे, आणि ॲक्सिलरेटरला दोन रिटर्न स्प्रिंग हे बघतातच. पण त्यावर विसंबू नका.

टायरची हवा थंड असताना १८ ते २० पीएसआयपासून सुरू करा. एवढ्या हलक्या गाडीला ३० भरली तर टायर तापतच नाही. पहिल्या तीन फेऱ्या निम्म्या वेगानं, आणि लगेच पिटमध्ये. आधी वास घ्या: पेट्रोल, ब्रेक, गरम रबर. मग खाली वाका.

आमच्या गाडीच्या सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेकच्या प्रत्येक नटावर, टॉर्क रेंचनं आवळल्यावर, नटापासून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारलेली आहे. अशा एक्क्याण्णव रेघा आहेत. टॉर्च घेऊन एक जण बघतो, दुसरा वहीत खूण करतो. पहिल्या दिवशी करीवर तीन फेऱ्यांनंतर पॅनहार्ड रॉडच्या बोल्टवरची रेघ दोन मिलिमीटर सरकलेली दिसली. त्या सत्रात गाडी परत बाहेर गेली नाही. बोल्ट काढला तर ब्रॅकेटच्या आत रंगाचा थर राहिला होता, तो दबून बोल्ट सैल पडला होता. रंग खरवडला, नवा नायलॉक लावला, नवी रेघ मारली आणि दुपारच्या सत्राला उतरलो.